शनिवारची छाटणी

शनिवारी सकाळी मी शर्टाची उजवी बाही
खांद्यापर्यंत दुमडतो.
हिल्का जुना टॉवेल फरशीवर टाकते, बोलत काही नाही.

आठवडाभर माझं काम पाणी उपसण्याचं.
पंपघरात तीन पंप, त्यांची घरघर, पातळीचा काटा,
पोल्डरचं पाणी उचलून बांधापलीकडे टाकायचं.
माझे वडील शाळेत होते तेव्हा एम्मेलोर्डला मासे होते,
आता बटाटे आहेत.
आणि घरी मी तीनशे वीस लिटर पाणी
चार काचांत सांभाळत बसतो.
हिल्का म्हणते, तुला पगार कशाचा मिळतो
ते एकदा नीट आठव.

दगड नाही, ओंडका नाही, बुडालेलं जहाज तर नाहीच.
फक्त झाडं.
मागे बुचाची भिंत, पुढे वाळू,
मधून तिरकी निघालेली लोबेलियाची गल्ली,
काचेपाशी चार बोटं, मागे वीतभर,
पायरी-पायरीनं चढत गेलेली,
अशी की डोळा तिच्यातून चालू लागला
तर टाकी संपल्यावरही चालत राहावा.
शेजारी तांबडा अमानिया,
कारण हिरव्याला हिरवं टेकलं
की दोघंही दिसेनासे होतात.
हे मला सीत्सेनं शिकवलं, तेही ओरडून.

सीत्से दोन घरं पलीकडे राहायचा.
वीस वर्षं आम्ही एकमेकांना पाण्यात पाहिलं,
दोन्ही अर्थांनी.
त्याच्या काचेवर शेवाळ धरलं
की मला त्या रात्री झोप छान लागे.
तरी ब्याण्णव साली तोच आला होता,
ओल्या वर्तमानपत्रात सॉरुरसचे तीन शेंडे घेऊन.
“मारू नकोस,” एवढंच म्हणाला.

मारलं नाही.
शेंडा कापायचा, खालचा बुंधा मुळासकट उपटायचा,
शेंडा चिमट्यात धरून पुन्हा त्याच खड्ड्यात रोवायचा.
लावणीच ती,
गुडघाभर चिखलाऐवजी कोपरभर पाण्यात.
इतकी वर्षं हेच.
आज टाकीत जे उभं आहे
त्यातलं एकही पान गेल्या मार्चआधीचं नाही.
मारिट विचारते, मग हे सीत्सेकाकाचं कसं?
माझा चिमटा तेव्हा वाळूत होता.
चिमटा वाळूत असला की मी उत्तर देत नाही.

सीत्से नोव्हेंबरात गेला.
त्याच्या मुलानं टाकी विकली, झाडं बादलीत घालून
मागच्या अंगणात ठेवली, कुणी नेतील म्हणून.
मी पोचलो तेव्हा बादलीवर बोटभर बर्फ.
आत तांबडं-हिरवं सगळं दिसत होतं,
स्वच्छ, काचेखाली असावं तसं.

गुरुवारी परीक्षक आले, मेनेर ओस्टिंग,
सायकलवरून, वाऱ्याच्या विरुद्ध.
बूट दाराशी काढले, खुर्ची ओढली
आणि बसले वीस मिनिटं,
कोण किती पाण्यात आहे ते बघत.
निऑन मोजले. पस्तीस. मला वाटलं होतं छत्तीस.
“गल्ली शेवटी डावीकडे कलते,” म्हणाले.
अर्धा गुण गेला.
मग सॉरुरसपाशी पेन थांबलं.

“सीत्सेचं?”
“हो.”
“त्याला मीच दिलं होतं. माझं पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात कुजलं.
त्याच्याकडे परत मागायचं होतं. जमलं नाही.”

गुरुवार होता, तरी मी बाही दुमडली.
टॉवेल नव्हता. फरशी भिजली.
तीन शेंडे, कालचं वर्तमानपत्र, नळाचं पाणी.
“मारू नका” अगदी ओठांवर आलं होतं,
पण गुणपत्रिका अजून त्यांच्या खिशात होती.

त्यांनी पुडकं कोटाच्या आत, छातीशी ठेवलं,
बूट घातले, दार उघडलं
आणि वळून टाकीकडे पाहिलं.
“आता तिथे भगदाड दिसतंय,” म्हणाले.
“खरं तर तेही लिहायला हवं.”