डोरे

दिवाळीच्या पणत्या अजून खिडकीतच होत्या
आणि एका सकाळी नळाचं पाणी चावलं.
मी दिगंबरला म्हटलं, आली.
तो म्हणाला, येऊ दे, तिचंच घर आहे.
ग्वाल्हेरची माणसं थंडीबद्दल असंच बोलतात,
माहेरपणाला येणाऱ्या थोरल्या आत्याबद्दल बोलावं तसं,
कौतुकानं, आणि जरा सांभाळून.

मी वेंगुर्ल्याची.
आमच्याकडे थंडी म्हणजे
पहाटे पंखा एकवर.
लग्न होऊन लष्करात आले तेव्हा
सासऱ्यांनी पहिलं विचारलं, मोजे आणलेत?
मला थट्टाच वाटली.

यंदा वरच्या खोलीत शलाका राहायला आली.
बँकेत नवी, परुळ्याची.
सामानात एक सोलापुरी चादर
आणि पुष्कळ आत्मविश्वास.
त्या आठवड्यात एका रात्री जिन्यातला दिवा
दोनदा लागला, दोनदा विझला.
तिसऱ्यांदा ती खाली आली,
अंगात दोन कुर्ते, वरून रेनकोट.
मी हसले नाही.
(पहिल्या वर्षी मी गोधडीवर
पायपुसणं पांघरलं होतं.)

रविवारी तिला दौलतगंजात नेलं.
नब्बू मियाँचं दुकान म्हणजे एक दार
आणि दारापाठी कापसाचा ढग,
ढगात धुनकीची तार, टुंग, टुंग.
त्यांनी शलाकाला नजरेनंच तोललं.
चार किलो, म्हणाले, बिटिया नई है.
मी म्हटलं, साडेचार. समुंदर की है.
बाहेर पडलो तर आमच्या दोघींच्या भुवया पिकलेल्या,
पंचविशीची ती माझ्याहून म्हातारी.

डोरे कल डालेंगे, असं ते म्हणाले तेव्हापासून
ती खुदखुदत होती.
तिला फक्त सिनेमातले डोरे माहीत.
अगं, मी सांगितलं, रजईवर उभेआडवे टाके घालतात ना,
त्यांना इथे डोरे म्हणतात.
नाहीतर कापूस रात्रीतून
एका कोपऱ्यात पळून जातो,
आणि मधे नुसतं कापड राहतं.
माणसांचंही तसंच,
असं काहीतरी मी म्हणणार होते
पण रिक्षा आली.

पुढच्या रविवारी आवळीभोजन.
तिघऱ्याच्या वाटेवर कुणाच्या ओळखीची बाग,
भरीत, बाजरीची भाकरी, मटारची कचोरी,
आणि मुजुमदारबाईंचं हे पदार्थ सोडून
बाकी सगळ्यांवर बोलणं.
सतरंजी घातली ती झाडाखालीच, शास्त्राप्रमाणे.
मग ऊन सरकलं, आम्ही सरकलो.
परत सरकलं. परत आम्ही.
डबे, तांब्या, झोपलेला दिगंबर
सतरंजीसकट ओढत ओढत
चारपर्यंत पोचलो पार मोहरीच्या बांधाला,
आवळी इतकी लांब
की दुसऱ्याच कुणाची वाटावी.
शलाकानं आवळा खाल्ला, वर पाणी प्यायली,
आणि गोड लागलं म्हणून
सगळ्यांना पाणी पाजत सुटली.

येताना गजकवाल्याकडे थांबलो.
चार हात, चार हातोडे, मधे गुळाची नि तिळाची लादी,
त्यांच्या तोंडातून वाफ, कढईतून वाफ,
आमच्याही.
एक कोमट पापुद्रा त्यानं तिच्या तळहातावर ठेवला.
तिनं तो आधी गालाला लावला,
मग खाल्ला.

रजई आली सोमवारी, लाल, तट्ट फुगलेली,
नव्या कापसाचा तो पिठासारखा वास.
दोघींनी मिळून जिन्यातून वर चढवली,
वळणावर अडकली,
दिगंबर खालून म्हणाला, ढकला, पेशंट जड आहे.

रात्री मी दूध तापत ठेवलं होतं.
वरून तिचा फोनवरचा आवाज येत होता.
आईनं विचारलं असणार, जमतंय का गं.
ती म्हणाली,
थंडी खूप असा गो, पण बरी वाटता.

सव्वीस वर्षं
या जिन्यात असं कुणी बोललं नव्हतं.
मी चमचा हातात धरून उभी,
आणि दूध ओट्यावरून खाली,
थेट मोज्यांपर्यंत.