पान एकशे तेरा

परचुऱ्यांच्या दुकानात तीन गाईडं होती.
एक जाड, उशाला घेण्याजोगं, आठशे पंच्याण्णव,
वर टाय लावलेला मुलगा,
जो मे महिन्यात रत्नागिरीत दहा मिनिटं टिकला नसता.
दुसरं पातळ : ‘तीस दिवसांत सीईटी.’
माझ्याकडे चाळीस होते,
पण मिरकरवाड्यात रविवारीही बर्फ फुटतो
आणि लाद्यांचा हिशेब मलाच लिहायचा असतो,
हे लिहिणाऱ्याला कुणी सांगावं.

तिसरं जुनं. कण्याला चिकटपट्टी,
पहिल्या पानावर शाईनं : तन्वीर ह. फणसोपकर, कर्ला.
परचुरे म्हणाले, “शंभर दे. नाहीतर नव्वद.
व्यवस्थापन शिकायला निघालीस ना, घासाघीस कर की जरा.”
मी ऐंशी म्हटलं.
त्यांना फार बरं वाटलं.

रात्री कळलं, मी पुस्तक नाही, एक माणूस विकत घेतलाय.
समासात त्याची पेन्सिल.
टक्केवारीला वैतागलेली, गुणोत्तरात रमलेली,
एके ठिकाणी नुसतंच : ‘चहा.’
सात लिहिताना पोटात आडवी काडी,
जणू सात कलंडेल अशी भीती.
मी गणित सोडवायची, मग त्याचं बघायची.
चुकलो तर बहुतेक दोघं एकाच जागी चुकायचो.

एकशे तेरा : नाव आणि प्रवाह.
नाव प्रवाहाबरोबर चोवीस किलोमीटर जाते दोन तासांत,
तेवढंच उलट येते तीन तासांत.
प्रवाहाचा वेग काढा.
(वारा नाही, इंजिनात कचरा नाही,
तांडेलाचं पोट दुखत नाही. पुस्तकातली नाव.)
तिथे त्यानं इतकं खोडलंय
की कागद पलीकडून उजेड दाखवतो.
एकशे चौदापासून पुढे
सगळी पानं कोरी.

तवसाळच्या दोन गिऱ्हाइकांकडे बर्फाची बाकी होती.
मालकांनी स्कूटर दिली, पेट्रोल माझं.
जयगडच्या फेरीबोटीवर
तिकीटवाल्यानं गाडीचा नंबर लिहून कागद फाडला.
दोन साता. दोन्हींच्या पोटात आडवी काडी.

मी खाडी बघत उभी राहिले.
बोट मध्यावर आली तेव्हा विचारलं,
“एकशे तेराच्या पुढे का नाही गेलात?”

त्यानं आधी मला बघितलं, मग तिकिटाला,
मग असा हसला की दोन म्हशीवाले वळून बघायला लागले.
“उत्तर चार छापलंय. माझं दोन येत होतं.
चार दिवस मी माझीच चूक शोधत होतो.
पाचव्या दिवशी म्हटलं, आपल्याच्यानं होणार नाही हे.”
कुणीतरी सुट्टे मागितले. तो गेला.
उतरताना ओरडून म्हणाला,
“मग? दोनच ना?”
रॅम्प आपटला. मी हात वर केला, दोन बोटं.

बारा उणे आठ, चार. त्याचं निम्मं, दोन.
छापणारा निम्मं करायला विसरला,
एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ते जाड गाईड उघडलं.
नवी आवृत्ती, संपूर्ण सुधारित.
तीच नाव, पान फक्त एकशे एकतीस.
मागे उत्तर : चार.
परचुऱ्यांना दाखवलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला,
“अगो, मी विकतो. वाचत नाही.”

काउंटरवरची पेन्सिल मागून घेतली,
टायवाल्या मुलाच्या पुस्तकात चार खोडून दोन केले.
“आता हे नवं म्हणून कसं विकू?” ते म्हणाले.
“पाच रुपये जास्त घ्या,” मी म्हटलं.

घरी एकशे चौदा उघडलं.
सरासरी. त्याची पेन्सिल नाही,
त्यामुळे खोली जरा मोठी वाटली.
पहिलं गणित चुकलं.
मागचं उत्तर बघून खोडरबर उचलला,
आणि मग म्हटलं, थांब,
आधी परत एकदा करून बघू.