खाऱ्याच पाण्यानं

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर,
मसाल्याच्या गिरणीला भिंत लावून आमची प्रयोगशाळा.
दुपारी तीननंतर सगळ्याला धण्याचा वास येतो.
तबकड्यांना नाही येत. हुंगून पाहिलंय मी.

प्लाझ्मिड म्हणजे एक कडं.
दोन हजार सहाशे शहाऐंशी अक्षरांचं,
सुरुवात नाही, शेवट नाही,
जिवाणूच्या पोटात राहतं पण घराण्यात धरत नाहीत त्याला,
पोटभाडेकरू.
ते मला एकाच जागी उघडायचं होतं.
खाडीच्या गाळातल्या कुणा जिवाणूचा तुकडा आत बसवायचा होता,
पारा चाखला की जागा होणारा,
त्याच्यामागे हिरव्या उजेडाचा जनुक,
आणि कडं पुन्हा असं मिटवायचं
की सांधा बोटाला लागू नये.

नऊ वेळा केलं.
सदतीस अंशांवर कापणारं विकर,
सोळा अंशांवर रात्रभर सांधणारं,
मग बर्फ, मग बेचाळीसचा चटका, पंचेचाळीस सेकंद.
सेकंद मी मनातही मोजते,
घड्याळावर विश्वास आहे तरी.
नऊ वेळा सकाळी झाकण उघडलं.
तबकडी कोरी,
किंवा निळे ठिपके: कडं रिकामंच मिटलेलं,
मला न विचारता.

थॉमस सर म्हणाले, विकर जुनं असेल.
नवं आलं, थर्मोकोलच्या खोक्यात, कोरड्या बर्फाच्या धुरात.
कोरी.

ऑटोक्लेव्ह काथोड मढवी चालवतात. घणसोलीचे.
वडील आगरात मीठ पिकवायचे.
आगर गेलं तेव्हा हे सातवीत होते.
त्या जागेवर आता काय उभं आहे, मी विचारलेलं नाही.
बाटल्यांवरचं माझं ‘अगार’ खोडून
ते ‘आगर’ लिहितात, जाड स्केचपेनने.
मी पुन्हा दुरुस्त करत नाही.

दहाव्या वेळी ते पाठीशी उभे होते, चहा घेऊन.
(आत चहा चालत नाही. दारात उभे होते, खरं तर.)
मी नळीत मीठ घातलं, वर गारठलेलं अल्कोहोल,
नळी फिरवली,
आणि तळाशी डीएनए बसला, नखावरच्या चंद्राएवढा.

“मीठ बसला?”
हे मीठ नाही, म्हटलं, मिठानं खाली आणलेलं आहे.
आता मीठ काढायचं.
“कशान धवशील?”
अल्कोहोलनं. पाण्यानं धुतलं तर विरघळून जाईल सगळं.
“त्याच त. आमीपन मीठ धवाचू खाऱ्याच पान्यान.
गोऱ्या पान्यान धवला त हातान काय ऱ्हल?
पन निथलाला टाइम देवाचा गो.
तू उबी ऱ्हातस ती पल सुटल्यासारी.”

मी नळीकडे पाहिलं.
नऊही वेळा धुतलं होतं, एकदाच,
आणि तळातला थेंब तसाच पुढे नेला होता.
तो खारट असणार.
सांधणारं विकर खाऱ्यात हात आखडतं,
हे मी परीक्षेत लिहिलं होतं, दोन गुणांना.

त्या दिवशी दोनदा धुतलं.
नळी टिश्यूवर उपडी ठेवून बसून राहिले.
शेजारची गिरणी थांबली. चहा दारातच निवला.

शनिवारी तबकडीवर साठेक निळे
आणि चार पांढरे.
मढवींना हातमोजे घालायला लावले मी;
त्यांनी तबकडी खिडकीकडे धरली,
एक डोळा मिटला.
“आगरान मीठ धरलाय.”

चारांतला एक खरा निघाला.

खाडीचं पाणी त्यांनीच आणलंय,
कोल्ड्रिंकच्या बाटलीत, बुडाशी बोटभर गाळ.
फ्रीजमध्ये आहे, सोमवारसाठी,
वर तारीख, आणि त्यांच्या अक्षरात गावाचं नाव.
जाताना दारात थांबले.
“हिरवा पेटला त तुजा जमला, ना?”
हो.
“न नाय पेटला त आमचा.”

मी फ्रीजचं दार
पुन्हा एकदा लावून पाहिलं.