बैलाआड

तालुक्याचा नकाशा मी उलटा करून घेतलाय.
पुढं सरकारचे गट नंबर,
मागं, कोऱ्या बाजूला, माझी रविवारची शिकार.
मोजणी खात्यातल्या नोकरीचा एवढाच फायदा.

आष्टीपासून पाच कोस, धामणीकडचा माळ.
पाण्याच्या जागा दोन :
एक बारव, जनावराला उतरायची वाट नाही,
दुसरं नदीतलं डबकं, चैतात टिकतं का ते विचारायचं.
पहाटे वारा पश्चिमेचा, असं शाळेचा शिपाई सांगतो.
तलाठी म्हणतो, वारा काय सांगून येतो व्हय?

सावंतवाडीला मी अकरा शिकारी पाहिल्या,
सगळ्या काकांच्या पाठीआडून.
तिथं रान माणसाला पोटात घेतं.
सांबर आधी ऐकायचं,
मग वास,
मग कधीतरी डोळ्याला.
इथं सगळं आधीच दिसतं.
परवा साखळी ओढताना अर्ध्या कोसावर काळवीट उभा,
दौत लवंडावी तसा काळा.
मी बसलो, सरपटलो, तरवडाआड गेलो.
तरवड माझ्या गुडघ्याएवढा.
तो नुसता बघत राहिला,
कचेरीत नव्या कारकुनाकडं बघतात तसा.

मग आरक्याला गाठलं.
जात्यांना टाकी लावत फिरतो,
फासे सोडून दिले म्हणतो, मी खोलात गेलो नाही.
दोन कप चहा झाल्यावर बोलला :
सायब, झाड नाय तिथं बैलच झाड.
त्याच्या खांद्याआड चालायचं, तो चरंल तसं.
घाई केली की बैलाला सहा पाय दिसत्यात.
हरणाला मोजता येतं.

हे तो मोजणीदाराला सांगत होता.

तर, बैल : गैबीसाब मुजावराचा, नाव हौशा,
रोज तीन रुपये, उजव्या कानानं बहिरा,
म्हणून बंदूक उजवीकडं.
घोंगडीही गैबीसाबाचीच, वास ओळखीचा हवा.
काकांची एकनळी, परवान्यावर अजून गावाकडचा पत्ता.
काडतुसं पाच. भाकरी सहा. पाण्याचे दोन भोपळे.
बूट नकोत, खडक बोलतो.

आणि पडल्यावर? आरक्यानं विचारलं.

पडल्यावर काय?

खानार कोण?

गावाकडं हे कुणी विचारत नाही.
खांदा बंदूकवाल्याचा, मान हाकाऱ्यांची,
काळीज देवाचं, कुत्र्यांचं कुत्र्यांना.
सुरीला सगळं पाठ आहे.
इथं सात महिने झाले,
दोनशे बारा गट मला बांधासकट माहीत,
माणसं तीन.

रात्री कंदील ओढून नकाशावर लिहिलं, वाटे.
खाली एक, दोन, तीन, चार, सातापर्यंत आकडे घातले
आणि बराच वेळ टाक कोरडाच धरून बसलो.
गैबीसाब : पडल्या पडल्या सुरी फिरवायला तो हवा,
नाहीतर त्याचा वाटा नुसता कागदावर.
म्हणजे त्यालाही न्यायचं. एकट्याची शिकार इथंच संपली.
आरक्या : कातडंही मागेल.
शिपाई : घरात नऊ तोंडं, त्याचं नाव
उद्या विचारायचं, सात महिने शिपाईच म्हणतोय.
खानावळीच्या गोदूबाई माळकरी,
त्यांना नुसतं सांगायचं, रागावतील, रागावू देत.
पुढचे तीन आकडे तसेच.

पहाटे तीनला गैबीसाबानं कडी वाजवली.
वारा पूर्वेचा.
नकाशावरचे सगळे बाण उलटे.
तो म्हणाला, मग वरल्या अंगानं जाऊ, त्यात काय.

आता हौशाच्या खांद्यावर माझा हात आहे.
कातडी थरथरते, माशी नाही, मीच असेन.
गैबीसाब मागं ओढ्यात बसलाय,
खोकला दाबून.
बैल एक घास घेतो, मी एक पाऊल.
उजाडतंय तिकडं कुणीतरी मान वर केली.
मी खाली बघतो, मोजतो :
चार.
अजून चारच.