मुर्तुझअलीचा माइक

नाव 'उन्हाळी वर्ग',
आणि इथे पुंता अरेनासला जुलै म्हणजे
खिडकीला आतूनही बर्फ.
सूर्य दहाच्या सुमारास येतो, साडेपाचला जातो,
अर्धवेळ कामावर ठेवल्यासारखा.
उन्हाळा म्हणजे आमच्याकडे वारा;
चौकात दोर बांधतात, धरून चालायला.
हे मी पहिल्या दिवशी सांगितलं
तर तिकडून, ल्युब्लियानाहून, मेत्काबाई म्हणाल्या, लिहून ठेवा.
नाही ठेवलं. दोरावर काय लिहायचं.

वर्ग पहाटे पाचला.
शेगडीजवळ, नवऱ्याचा कोट पांघरून,
फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला.
खेकड्यांचा हंगाम लागलाय,
काटे टोचून टोचून बोटं अशी झालीत
की फोनही ओळख देत नाही.
हात वर करायला जाते
आणि टाळ्या वाजतात.

त्या दिवशी कविता होती सोळा ओळींची.
दागिस्तानच्या कुठल्याशा खोऱ्यातून निघालेली,
रशियनमध्ये एक मुक्काम, इंग्रजीत दुसरा,
मग माझ्या दारी स्पॅनिशमध्ये;
दर मुक्कामी कुणीतरी तिचे बूट बदललेले.
नवव्या ओळीत आई उभी आहे.
माझ्या प्रतीत उंबरठ्यावर.
ओतगोनच्या प्रतीत कड्यावर.
पोर्ट हारकोर्टची इबिसो म्हणाली,
माझ्याकडे ती पाण्याच्या काठाशी आहे
आणि मी आठवडाभर तिच्यासाठी होडी शोधतेय.
हसलो सगळे, एकेक सेकंद मागेपुढे.

मूळ शब्द काय असेल? बाईंनी विचारलं.
कुणालाच ठाऊक नव्हतं.
मग खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत
मुर्तुझअली बोलू लागला.
मेंढ्यांचा डॉक्टर, मागे गालिचा,
गालिच्यावर बंद पडलेलं घड्याळ.
तीन आठवड्यांत हूं की चूं नाही,
आणि आता थांबेचना.
त्याच्या आजोळची भाषा होती ती.
माइक बंद होता.

एरवी आम्ही लगेच ओरडतो,
आवाज येत नाही, आवाज येत नाही.
त्या दिवशी कुणी ओरडलं नाही.
सगळी कविता त्याला पाठ होती.
नवव्या ओळीशी ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले,
आणि त्याने तळहात आडवा धरला,
जरासा कलता.
मग चित्र गोठलं, तोंड अर्धवट उघडं.
मग चौकट काळी, नुसतं नाव.
बाईंनी चष्मा पुसला. पुढच्या वेळी विचारू, म्हणाल्या.
पुढच्या वेळी तो आला नाही.
लस टोचायचे दिवस होते म्हणे.

साडेसातची बस. कारखान्यात
यंत्रांचा असा गदारोळ असतो
की वीस वर्षं आम्ही बाया ओठांवरच बोलतो.
कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा पगार कापला,
सगळं बिनआवाजी.
ओठ वाचता येतात मला. ती भाषा येत नव्हती, इतकंच.
पट्ट्यापलीकडे रोसाउरा नांग्या फोडत होती.
मी तिच्याकडे बघून तो शब्द केला:
मिटले, उघडले, मिटले.
काय? तिचे ओठ.
पुन्हा केला. रबरी हातमोज्यातला तळहात
आडवा धरला, कलता.
आई उभी आहे, म्हटलं, ह्याच्यावर.

रोसाउराने बराच वेळ बघितलं.
तिचा धाकटा दहा दिवस झाले समुद्रावर आहे.
डेक, ती म्हणाली. बोटीचा डेक.
असल्या थंडीत तिला तिथे कुणी चढवलं?

मला उत्तर सुचेना.
तोवर पुढची टोपली आली.