उजवी बाही

घालताना दुबळा हात आधी,
काढताना शेवटी.
कुदोबाई हे तीनदा सांगतात,
मी तीनदा मान डोलावते
आणि चौथ्यांदा तुझा चांगलाच हात घुसवते बाहीत.
बावन्न वर्षं तू आपले आपण कपडे घातलेस,
मी फक्त मागून कॉलर सरळ केली.

त्या सकाळी हिरानुमांच्या साकेच्या दुकानाची पाटी
रंगवत होतास, काळ्यावर सोनेरी.
ब्रश पडला. उचललास. पुन्हा पडला.
उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं
तसं बघितलंस स्वतःच्या हाताकडे.
‘जरा पडतो’ म्हणालास, शब्द जिभेवरून घसरला.
मी म्हटलं, थंडी. पांघरूण घातलं.
छपरावरचा बर्फ उतरवायला माणूस यायचा होता,
त्याच्यासाठी चहा ठेवला.
दोन तास.
मी जिला थंडी म्हणत होते
तिला डॉक्टर पक्षाघात म्हणाले.

पडद्यावर दाखवलं त्यांनी:
अक्रोडाच्या एका फोडीत शाई सांडावी तसा डाग,
डावीकडे. ‘म्हणून उजवीकडचं गेलं.’
जणू आत कुठेतरी तारा फुली मारून जातात.
मग विचारलं, जेवणात मीठ किती?

काय सांगणार?
चुलीच्या धुरात टांगलेले मुळे,
पिंपात दाबलेला कोंडा आणि मीठ,
आधी सासूबाईंचा हात, मग माझा.
दर जेवणाला चार चकत्या, पाहुणा असला तर सहा.
खाल्ल्या मिठाला माणसं जागतात म्हणे.
तुझं तर रक्तच जागलं, किसाबुरो,
इतकी वर्षं,
डोळ्याला डोळा न लावता.

आता तुझ्यापाशी एकच बोल उरलाय: तर मग.
भूक लागली, तर मग.
उशी टोचली, तर मग.
नातवंडं फोनच्या काचेतून हात हलवतात, तर मग,
आणि डोळ्यांतून धार.
कुदोबाई म्हणतात, हे रडणं दुःखाचंच असेल असं नाही,
नळाचा वॉशर गेलाय समजा.
समजते.
पण नळ गळायला लागला
की झोप घरातल्या दुसऱ्याची जाते.

एक ते दहा मात्र म्हणतोस, एका दमात.
तीनवर थांबा म्हटलं तर थांबता येत नाही,
उतारावरच्या घसरगाडीसारखा थेट दहापर्यंत,
आणि मग ओशाळतोस.

काल त्यांनी दोन कार्डं धरली.
एकावर उच्चाराची साधी अक्षरं, या आणि मा,
पहिलीतलं पोर वाचेल अशी.
तू कार्ड उलटं करून पाहिलंस.
जन्मभर ज्यांची वळणं घोटलीस
ती अक्षरं ओळख देईनात.
दुसऱ्यावर एकच चित्राक्षर, तीन शिखरांचं.
तू डावा हात उचललास
आणि खिडकीबाहेर, योकोतेच्या छपरांपलीकडे,
चोकाई डोंगर दाखवलास.

कुदोबाईंनी टाळी वाजवली.
मी तुझं बोट बघत होते.
ते काचेवरच्या वाफेत उतरलं:
मधलं शिखर आधी,
मग डावी रेघ, तशीच वळून तळ,
आणि थांबलं.
उजवीकडे काही आहे हे
त्याला आठवेना.

मी उठले. राहिलेली रेघ ओढली.
मी कधी पाटी रंगवलेली नाही,
रेघ वाकडी आली, खाली जरा ओघळलीसुद्धा.
तू डोळे बारीक केलेस,
‘तर मग,’ म्हणालास,
शिकाऊ पोरांवर खेकसायचास
अगदी त्याच सुरात.

मी बाहीने काच पुसली
आणि पुन्हा वाफ धरायची वाट बघत बसले.