आठ दशांश

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या बोळात
बसवंत कडोलकरांचं शेड.
तिथं मी बोअर मोजतो.
मोजते म्हणायचं असतं म्हणे.
आमच्यात बायकाही मोजतोच म्हणतात;
पुण्याला मुलाखतीत एक साहेब हसले त्यावर,
तेव्हापासून म्हणतो, जरा मोठ्यानं.

पिस्टन हातात घेतला की गोल वाटतो.
नसतो.
गजन पिनचं भोक मधोमध वाटतं.
तेही नसतं.
डायल लावली की काटा सांगतो:
आठ दशांश मिलिमीटर,
एका अंगाला सरकलेलं.

पहिल्या महिन्यात मी चार पिस्टन बाजूला काढले,
लाल खडूनं फुली मारून.
कडोलकर ओरडले नाहीत.
चहाच्या रिकाम्या पेल्यात एक उतरवला,
करंगळीनं कलता केला.
"वर पोचला की याला कूस बदलावी लागते,
या भिंतीवरनं त्या भिंतीवर.
पिन मधोमध असली तर बदलतो
नेमका जाळ पेटताना, आणि आदळतो.
सरकवली की आधीच वळतो,
झोपेतल्या पोरागत.
मधी बसणाऱ्याचा आवाज फार, बाई."
मग पेला विसळून त्यातच चहा मागवला.
लाल फुल्या मी थिनरनं पुसल्या.

दिवाळी झाल्यावर किल्लेदारांचा अफझल
जिप्सीचं इंजिन टेम्पोत घालून आला.
कोल्हापूरच्या ट्रॅकवर उतरायचं होतं.
"चारी उलटे बसवा की, अण्णा. बाण मागं.
जाळाखाली रॉड सरळ राहतो, घासणं कमी,
दीड-दोन घोडे जास्त मिळतात."
अण्णा चष्मा पुसत राहिले.
"मिळतात. खरं ते घोडे पागेत लाथा मारतात."
"मारू देत."

उलट्या पिस्टनवर व्हॉल्वच्या खाचा भलतीकडे येतात.
चन्नाप्पा दोड्डमनीनं त्या नव्यानं कापल्या,
शिव्या कन्नडात,
आकडे मराठीत.
गाळा मी ठेवला, साडेसात शतांश.
फोर्ज्ड माल तापला की फुगतो,
त्याला जागा लागते.

पहाटे सुरू केलं. शेडच्या दारापर्यंत धुकं.
टक्. टक् टक् टक्.
तांबटानं चार हंडे एकदम ठोकायला घ्यावेत तसं.
फाउंड्रीतला रात्रपाळीचा माणूस
हातातला झारा तसाच धरून बघायला आला.
अफझल हसत होता.
अण्णा पाण्याच्या काट्याकडं बघत होते.
साठ. सत्तर. ऐंशीला पोचला
आणि आवाज विरला,
नुसती घरघर उरली, तुपात घोळल्यासारखी.

ट्रॅकवर फेरीमागं सेकंदाचे तीन दशांश वाचले.
पाचवा आला.
पाचव्याला काही देत नाहीत.

फेब्रुवारीत उघडलं तेव्हा
तिसऱ्या पिस्टनचा स्कर्ट एका अंगानं घासून
आरसा झालेला.
त्यात मला माझं नाक दिसलं, लांबुळकं.
"लिहून ठेव," अण्णा म्हणाले.
काय लिहू?
तोटा म्हणावा तर पोरगं खूश,
फायदा म्हणावा तर स्कर्ट बोलतोय.
रजिस्टरात तारीख टाकली, माप टाकलं,
शेऱ्याची जागा कोरी सोडली.
अफझलला विचारलं, आता सुलटे बसवू?
मान हलवली त्यानं. नको.
"थंड असताना ओरडतं तेवढंच. तेवढं चालतंय."

अजून तसंच चालवतो.
रोज पहाटे अनगोळवरनं जातो, भाजीच्या क्रेट घेऊन,
रेसचं इंजिन आणि मागं कोथिंबीर.
मी अंथरुणात, डोळे मिटलेले, कान उघडे.
टक् टक् टक्, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अंगाला
कमी कमी होत जातं,
मग नाहीसं.
किती सेकंदांनी, तेवढं मोजतो.
परवा त्रेचाळीस.
काल बावन्न.
थंडी वाढली असेल,
नाहीतर गाळा.

सोमवारी बोलावून घेतो त्याला.